वन्स मोअर म्हणायचं कुणाला?

संगीत नाटकांच्या ऐन भरात प्रयोग किती वाजता सुरू होणार ते हँडबिलावर छापता येई. किती वाजता संपणार, ते मात्र थिएटरात बसलेल्या मंडळींच्या मर्जीवर असे. पद रंगलं की ‘वन्स मोअर’ पडायचा. तो घ्यायचा की नाही हे म्हणायला नटाच्या हाती. पण नाही घेतला तर पुढचं गद्य ऐकून घ्यायला कोण बसलंय? मग कथानक आहे तिथं खोळंबायचं, रागावून आत गेलेली नायिका मुकाट्यानं बाहेर यायची आणि तेच पद नव्या जागा घेत पुन्हा सुरू व्हायचं. रंगमंचावर मरून पडलेलं पात्र वन्स मोअरला उठून गायलं आणि पुन्हा रीतसर मेलं, असले किस्से जुने नाटकवाले चवीनं सांगत. त्यात तिखटमीठ किती ते सोडून द्या. असा किस्सा रचावासा वाटला, यातच त्या काळच्या प्रेक्षकाचा वट कळतो.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. तेव्हापासून बोलपटानं घाव घालेपर्यंतची पन्नासेक वर्षं हा वट टिकला. त्याचं टोक म्हणजे ८ जुलै १९२१ची मुंबईतली रात्र. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींशी ईर्ष्या करणाऱ्या कंपन्या. थिएटरात बसलेले लोक नुसते प्रेक्षक नव्हतेच. ते दोन बाजूंचे पाठीराखे होते, कोण कुणावर मात करतो ते पाहायला आलेले. अशा प्रेक्षकासमोर गाणं म्हणजे परीक्षाच. दोघांनी ती एकमेकांना सांभाळून घेत दिली, असं त्या प्रयोगाबद्दल लिहिलं गेलं आहे. तीनच महिन्यांत केशवराव गेले.

चौदा वर्षांनी, १९३५ साली, बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. ज्यांच्या भामिनी-रुक्मिणीच्या साड्या आणि दागिने पाहून घरोघरच्या बायका तशी नेसण आणि तसा साज करू लागल्या होत्या, ते गंधर्व पुरुषवेषात पडद्यावर आले. ‘प्रभात’बरोबरचा संसार त्या एका चित्रपटावर आटोपला. त्याची कारणं पैशाची असतील, वयाची असतील. मला मात्र राहून राहून वाटतं की स्टुडिओत त्यांचा जीव गुदमरला असणार. तिथं वन्स मोअर द्यायला कुणी नव्हतं. रीटेक होता, पण रीटेक दिग्दर्शक मागतो, आणि काहीतरी चुकलं म्हणून मागतो. वन्स मोअर मिळतो तो काहीतरी भलतंच छान जमलं म्हणून. पुढे १९३७च्या ‘साध्वी मीराबाई’त तर नाटकच जवळजवळ जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर मांडलं गेलं, आणि ते पुन्हा आपल्या रंगभूमीकडे वळले.

करमणुकीचे प्रकार आपण नेहमी कलेच्या बाजूनं मोजतो. लोककला, अभिजात, व्यावसायिक, प्रायोगिक. मी या लेखासाठी हिंडताना दुसरा गज हातात घेतला. इथं बसलेला माणूस खेळात काय बदलू शकतो? पुढच्या वर्षी नव्हे. आज, आत्ता, या प्रयोगात?

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा रंगीत फलक, आत मॅनेजर आणि त्याची वही. चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी गावोगावच्या यात्रा कमिट्या इथं येतात, तारखा बघतात, घासाघीस करतात. मग सुपारी ठरते. सुपारीचा तमाशा गावाला फुकट असतो, पैसे वर्गणीतून गेलेले असतात. याखेरीज तंबू ठोकून तिकीट लावून केलेला तमाशा वेगळा. खेळ तोच, कलावंत तेच. पण दोन्हीकडचा प्रेक्षक निराळा वागतो. तिकीट काढलेल्याला पैसे वसूल करायचे असतात. सुपारीच्या तमाशात गिऱ्हाईक असते ती कमिटी, पुढच्या खुर्च्यांवर टोप्या-फेटे घालून बसलेली. आणि तिच्या मागं सगळं गाव जमिनीवर, घरच्या कार्याला आल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होते. रात्रीच्या जागरणानं डोळे चुरचुरत असले तरी कलावंतांना पुन्हा उभं राहावं लागतं, आणि दुपारी कुस्त्यांचा फड लागतो.

गण झाला, गवळण झाली, मावशीनं आडवेतिडवे बोल लावून घेतले, की बतावणी. इथं तमाशाची खरी करामत. सोंगाड्यानं संध्याकाळी गावात चहा पिताना कानोसा घेतलेला असतो: कोणता रस्ता अर्धवट पडलाय, पाण्याच्या टाकीचं उद्‌घाटन कितव्यांदा झालं. रात्री वगात राजाचा दरबार भरलेला असताना तो हळूच ती टाकी दरबारात आणून ठेवतो. गाव उसळतं. मागून कुणी तरणा काहीतरी ओरडतो, सोंगाड्या त्याला उलट टोला देतो, आणि राजा सिंहासनावर तसाच ताटकळत राहतो. १९६५च्या ‘विच्छा माझी पुरी करा’त वसंत सबनिसांनी हेच बळ शहरी रंगमंचावर आणलं. संहिता सबनिसांची, पण त्या दिवशीचा पेपर दादा कोंडक्यांचा, अशी वाटणी होती.

स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली आणि पुढे ती उठवली ती संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. बतावणीची संहिता कुठून द्यायची? तिचा निम्मा लेखक समोर बसलेला असतो, आणि तो कोण असेल ते त्या रात्रीपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. तपासनिसाच्या टेबलावर कागद गेला तो त्या निम्म्या लेखकाला वगळूनच.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण प्रेक्षकाच्या हाती लगाम असणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडात तो असणं, हे विसरायचं नाही.

संगीत बारीत हे उघड दिसतं. पुण्याचं आर्यभूषण थिएटर घ्या, चौफुला घ्या, मोडनिंब घ्या. इथं वग नाही, सोंगाड्या नाही. पेटीवाला, ढोलकीवाला, गाणारी, नाचणाऱ्या, आणि चार-दोन हातांवर बसलेला रसिक. त्याला हवी ती लावणी तो मागतो आणि नोट काढतो. नोट तो पुढं जाऊन ठेवत नाही. बोटांत धरून बसतो. ती घ्यायला नाचणारीला ताल न सोडता त्याच्यापर्यंत जावं लागतं. कधी नोट पटकन सुटते, कधी अंमळ उशिरानं सुटते. तेवढ्या दोन-चार मात्रांत काय काय होतं! तो आपली ऐपत दाखवतो, ती आपलं कसब दाखवते: हसणं तोंडावर, हात नोटेवर, नजर तिसरीकडेच. याला दौलतजादा म्हणतात. ती दाद असते हे खरं, आणि मालकी दाखवणंही असतं.

मालकीला जात होती. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बहुतेक कोल्हाटी, महार, मातंग समाजातल्या, आणि पुढच्या रांगेत गावचे मातबर. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर केलेलं काम याच जागी बोट ठेवतं. २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा ब्राह्मण पठ्ठे बापूराव होऊन तमाशात गेला, पवळा या नाचणारीबरोबर उभा राहिला, याचं आपण फार कौतुक करतो. त्या खेळांच्या उत्पन्नातून बापूरावांनी चळवळीला देऊ केलेले पैसे डॉ. आंबेडकरांनी नाकारल्याची हकिगत त्या मानानं कमी सांगितली जाते. पैसा कुणाच्या नजरेतून आला, हा आंबेडकरांचा प्रश्न होता.

त्याचं उत्तर जलशांनी दिलं. आधी सत्यशोधकांचे, मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. चौक तोच, समोर बसलेली माणसंही पुष्कळदा तीच. पण गणातला गणपती गेला, गवळणींची वाट अडवणारा कृष्ण गेला, आणि बतावणीतला टवाळ संवाद सावकार-भटजीच्या फसवणुकीवर आला. काल रात्री बाई बघायला बसलेला माणूस आज स्वतःची गोष्ट ऐकायला बसला. बघणाऱ्याची जागा बदलली तसा खेळाचा सांगाडा बदलावा लागला.

आणखी एक जागा अलीकडे बदलली. ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी लावून शहरांतल्या नाट्यगृहांत लावणीचे प्रयोग होऊ लागले. अशा एका दुपारच्या प्रयोगाला मी गेले होते. डबे आवरून आलेल्या बायका, भिशीचे आख्खे गट, सासू-सून एकत्र. पहिल्या लावणीला टाळ्या बेताच्या होत्या. दुसरीला मागच्या रांगेतून एक शिट्टी आली. सगळ्या माना वळल्या, हशा झाला, आणि मग धरणच फुटलं. पन्नाशीच्या बाई खुर्चीवर उभ्या राहून पदर कमरेला खोचून नाचत होत्या. स्टेजवरची मुलगी ती नजरेची सगळी अस्त्रं बायकांवरच सोडत होती, आणि बायका ती झेलून परत फेकत होत्या. नोटा कुणी काढल्या नाहीत. ज्यांच्या आज्यांना तमाशाच्या तंबूकडे मान वळवून बघायची चोरी होती, त्यांना तिथं बघण्यापेक्षा ओरडण्याचीच तहान जास्त होती, असं मला वाटलं.

कोकणात उतरलं की हिशेबच वेगळा. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सीमेवर कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक देवळापुढं रात्री दशावतार होतो. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी कोणतं पात्र करायचं ते ठरतं, आणि बाकीचं हार्मोनियम-पखवाजाच्या साथीनं उभ्या उभ्या बोलायचं. राजाचं सिंहासन म्हणजे एक बाकडं. नारद आणि राजा यांची शाब्दिक चकमक रंगली तर अर्धा तास चालते, पडली तर पाच मिनिटांत युद्ध लावून देतात. म्हणजे इथंही प्रेक्षकच लांबी ठरवतो, असं वाटतं. पण पहाटे तीन वाजता सभामंडपात नजर टाका. निम्मे लोक झोपलेले. पोरं घोंगडीत, म्हातारे खांबाला टेकून, खाज्याच्या दुकानातला दुकानदारही पेंगतोय. आणि समोर स्त्रीपार्टी नट जीव तोडून विलाप करतोय. मुंबईच्या नाट्यगृहात असा प्रकार झाला तर नट दुसऱ्या दिवशी मुलाखत देईल. इथं कुणालाच त्याचं काही वाटत नाही, कारण नाटक मुळात देवाला दाखवायचं आहे. माणसं ही देवाच्या पाहुण्यांसारखी. पहाटेचा धयकाला, म्हणजे दहीकाला, होईपर्यंत खेळ चालणारच, कुणी जागं असो वा नसो. मालकी वरच्याकडे असल्यामुळे नट आणि प्रेक्षक दोघेही एकमेकांच्या तावडीतून सुटतात. मला हा करार सगळ्यांत सभ्य वाटतो.

याच गावरान नाटकवेडाला गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’मध्ये धरलं आणि मच्छिंद्र कांबळींनी १९८०पासून त्याचे हजारो प्रयोग केले. आधी गल्ला यथातथाच होता. मग पु. ल. देशपांडे प्रयोगाला आले, पोट धरून हसले, त्यांनी मनमोकळं लिहून कळवलं, ते जाहिरातीत छापलं गेलं आणि बुकिंगच्या खिडकीवर रांग लागली. शहरी नाटकात प्रेक्षकाचं बळ हे असं खिडकीवर सरकलं आहे. आत शिरल्यावर त्यानं दिवे मालवलेल्या अंधारात हसावं, गप्प बसावं, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात. त्या उभ्या टाळ्याही हल्ली इतक्या सवयीच्या झाल्यात की बसून राहिलेला माणूसच काहीतरी मत नोंदवतोय असं वाटतं. नट तरीही अंधारातला श्वास ओळखतात. कोणत्या ओळीला खोकला येतो यावरून प्रवेश कुठं सैल पडलाय ते त्यांना कळतं. आणि अंधारात मोबाईल वाजला की तो सगळा धागा तुटतो. २०१९ साली नाशिकच्या कालिदास कलामंदिरात सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला, त्याच वर्षी सुबोध भावे यांनी हे असंच चाललं तर नाटकात काम करणंच सोडेन असा इशारा दिला. वन्स मोअरनं नाटक थांबायचं, आता रिंगटोननं थांबतं.

खेळ थांबवायचा प्रेक्षकाचा हक्क म्हटला की विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आठवतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला आल्या. ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगादिवशी, १२ मार्च १९११ला, मुलगी गेल्याचं दुःख गिळून उभे राहिलेले बालगंधर्वही पाठ आहेत. कलावंतानं प्रेक्षकासाठी काय सोसलं याच्याच कथा आपल्याला आवडतात. विठाबाईंच्या हकिगतीचा शेवट मात्र असा सांगतात, की मघाशी दिसणारं पोट दिसेना हे लोकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनीच खेळ बंद करायला लावला. समोर माणूस दिसत असला तर माणसं एवढं करू शकतात. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या या बाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, तेव्हा त्या कुणालाच दिसत नव्हत्या.

सिनेमाची फीत बहिरी. तिला शिट्टी ऐकू येत नाही. हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, तरी तो वाजवतो. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ला लोक चपला बाहेर काढून बसत आणि पडद्यावर नाणी उधळत. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत रीळ तुटलं की मशीनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. २०१६च्या ‘सैराट’ला गाण्यावर पडद्यापुढची जागा नाचायला पुरेना. हे सगळं पडद्यावरच्या माणसासाठी नव्हतंच. ते शेजारच्या खुर्चीसाठी होतं. सिनेमाचा प्रेक्षक स्वतःच आपली करमणूक करून घ्यायला शिकला. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये अडीच वर्षं चालला तो काही नव्या नव्या माणसांच्या जिवावर नाही. तेच लोक पुन्हा पुन्हा येत होते. एका अर्थानं तिकिटाच्या पैशातच ते वन्स मोअर घेत होते.

रेडिओनं पोस्टकार्ड दिलं. ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी नावांची यादी वाचली जाई, आणि निम्मे लोक गाण्यापेक्षा यादीसाठीच कान लावून बसत.

टीव्हीनं तेही काढून घेतलं आणि त्या जागी एक डबी ठेवली. ‘बार्क’ ही संस्था २०१५पासून देशातल्या निवडक घरांत मीटर बसवून कोण काय बघतं ते मोजते. वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती टिपतं. घरातल्या प्रत्येकाला बटण वेगळं. टीव्ही असलेली घरं २०२० सालच्या अंदाजानं २१ कोटी, आणि मीटर लागलेली घरं पन्नास-पंचावन्न हजार. एका घराचं बटण चारेक हजार घरांच्या वतीनं बोलतं. दर गुरुवारी आकडे येतात आणि मालिकांच्या कचेऱ्यांत त्या दिवशी चहा जरा जास्त लागतो. आकडा घसरला की ‘ट्रॅक’ बदलतो: मरायला टेकलेला सासरा बरा होतो, बऱ्या झालेल्या नायिकेची स्मृती जाते, लग्नाचा महाएपिसोड पुढं ओढला जातो. ‘चार दिवस सासूचे’ २००१पासून दहा वर्षांहून जास्त काळ चाललं. चार दिवस कसले, सासूची सून सासू झाली असती.

बघा, आजवरच्या कोणत्याही प्रेक्षकाला एवढं बळ नव्हतं. माणूस मारायचं आणि जिवंत करायचं. पण ज्या बाईंनी भाजी निवडता निवडता वाहिनी बदलली त्यांना आपण सासऱ्याला जगवलं याचा पत्ताही नसतो. आणि ज्यांच्याकडे डबी नाही त्या तर कुठंच मोजल्या जात नाहीत. त्यामुळं डबीवाल्या घरांना फितवण्याचा मोह होणारच. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तसा आरोप करून गुन्हा दाखल केला, आणि वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे जवळजवळ दीड वर्ष बंद राहिले. दौलतजादेत निदान नोट कुणाच्या हातातली ते सगळ्यांना दिसतं.

विनोदी कार्यक्रमांनी यावर तोडगा काढला आहे. समोर खुर्च्यांवर नामवंत पाहुणे आणि परीक्षक बसवायचे आणि दर विनोदाला कॅमेरा त्यांच्या हसण्यावर न्यायचा. अमेरिकेत १९५०च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या इंजिनिअरनं ध्वनिमुद्रित हशांचं यंत्रच केलं होतं. त्यापेक्षा आपली रीत माणुसकीची म्हणायची. घरात एकट्यानं बसलेल्या माणसाला हसायला सोबत लागते. ती कुणीतरी भाड्यानं का होईना पुरवतंय.

मोबाईलवर सोबतही लागत नाही. तिथं अंगठा किती सेकंद थबकला एवढंच पुढं कळवलं जातं, आणि त्यावरून पुढचं काय दाखवायचं ते ठरतं. झाडीपट्टीत याचा अगदी उलटा कारभार अजून चालतो. देसाईगंज-वडसा हे केंद्र धरून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत भाऊबीजेनंतरच्या मंडईच्या दिवसांपासून रात्रभराची तिकिटाची नाटकं होतात. दिवसा शंकरपट, घराघरात पाहुणे, रात्री एकाच टापूत दोन-दोन मंडपांत नाटकं. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हे नाटक टिकलंय ते तिकीट काढणारा माणूस शेजारच्या गावचं नाटक सोडून आपल्याकडे आलाय, हे मंडळाला डोळ्यांनी दिसतं म्हणून.

पण मोबाईल तिथंही पोचलाय, आणि संगीत बारीतही. ढोलकीवाले आता एक गोष्ट कुरकुरत सांगतात. फर्माईश आली की पूर्वी गाणारी ती आपल्या ढंगानं रंगवायची, एक ओळ दहा वेळा, दहा अर्थांनी. आता पोरगा नोटेबरोबर मोबाईलही पुढं करतो. स्क्रीनवर गाजलेलं गाणं वाजत असतं, तीस सेकंदांचं. त्याला ते तस्संच हवं असतं, त्याच चालीत, त्याच वेगात, तोच हावभाव. एक जागा जास्त घेतली की तो म्हणतो, बाई, गाणं चुकलं.